संगणक सल्ला : जुना डेस्कटॉप दुरुस्त करावा की बदलावा?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विवंचनेतून लिहिलेली आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून खानापूरपासून निपाणीपर्यंतचे दुकानदार, पालक आणि छापखानेवाले आपल्या जुन्या संगणकाचे काय करायचे हे विचारीत आहेत. त्यांतील पाच पत्रे थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझे खते आणि बियाण्यांचे दुकान आहे. २०१४ साली बेळगावात जोडून घेतलेला डेस्कटॉप अजून चालू आहे. त्यात आय-३ ४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. सकाळी बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत दहा मिनिटे जातात आणि तोवर गिऱ्हाईक उभे असते. जीएसटीची कामे आणि बँकेचे व्यवहारही याच संगणकावर होतात. एका दुकानदाराने एसएसडी आणि रॅम घालून साडेपाच हजारांत भागेल असे सांगितले, तर दुसऱ्याने हा भंगारात काढून अडतीस हजारांचा नवा घ्या म्हणून सांगितले. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, खानापूर

उत्तर : दोघांनीही आपल्याला फसवलेले नाही. पहिल्याने संगणक हळू का चालतो याचे उत्तर दिले आहे आणि दुसऱ्याने तो आणखी किती वर्षे भरवशाचा राहील याचे. आपल्याला दोन्ही प्रश्न सोडवायचे आहेत, पण ते एकाच दिवशी सोडवण्याची गरज नाही.

आधी हळूपणाचे पाहू. संगणक सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यातील आकडा पहिली पाच-सात मिनिटे शंभर टक्क्यांना चिकटून राहतो आणि प्रोसेसरचा (सीपीयूचा) आकडा मात्र वीस-तीसच्या आसपास घुटमळतो, असे आपल्याला बहुधा दिसेल. याचा अर्थ प्रोसेसर रिकामा बसून हार्ड डिस्कची वाट पाहत आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये प्रत्येक लहान फाइल शोधण्यासाठी वाचणारी सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावी लागते, त्यात दर खेपेला काही मिलिसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली वाचल्या जातात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात हलणारा भागच नसल्यामुळे हा सगळा वेळ वाचतो. दहा मिनिटांचे काम एक मिनिटाच्या आत येते, असा अनुभव आपल्या संगणकाच्या पिढीतील बहुतेक संगणकांवर येतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडाही नव्वदच्या वर दिसला, तर ४ जीबी रॅम अपुरी पडते आहे आणि संगणक उरलेला भार पुन्हा त्याच मंद डिस्कवर टाकतो आहे, असे समजावे.

आपला प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, २०१३ साली बाजारात आलेला आहे. त्याच्या बोर्डावर, म्हणजे सगळे भाग जिला जोडले जातात त्या मुख्य पाटीवर (मदरबोर्डवर), डीडीआर-३ प्रकारची रॅम बसते. डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही, कारण प्रत्येक पिढीत पट्टीवरील खोबणीची जागा बदललेली आहे. निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, आज घेतलेली अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी उद्या नव्या संगणकात नेता येते. डीडीआर-३ रॅम मात्र या संगणकाबरोबरच संपते. म्हणून एसएसडी नवी, नावाजलेल्या कंपनीची आणि वॉरंटी असलेली घ्यावी. रॅमसाठी ४ जीबीची एखादी वापरलेली पट्टी दुकानदाराकडे तपासून घेतली तरी पुरते. नव्या डीडीआर-३ पट्टीवर पैसे घालू नयेत.

याच संगणकात नव्या पिढीचा आय-५ किंवा आय-७ टाकून देतो, असेही कोणी सांगेल. त्या वाटेने जाऊ नये. आपल्याकडे पावसाळ्याआधी छप्पर शाकारून घेतात, पण शाकारायला चढल्यावर कोणी पाया उकरायला घेत नाही. एसएसडी आणि रॅम ही शाकारणी आहे. प्रोसेसर बदलायचा म्हटला की बोर्ड, बोर्ड बदलला की रॅम, आणि दहा वर्षे जुन्या एसएमपीएसवर (आतील भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) भरवसा नको म्हणून तोही, अशी साखळी लागते आणि शेवटी जुन्या कॅबिनेटखेरीज जुने काही उरत नाही. शिवाय संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना सहसा बोर्डाशी बांधलेला असतो. एसएसडी बदलल्याने त्याला काही होत नाही, पण बोर्ड बदलला की नवा परवाना घ्यावा लागतो, आणि दुकानदाराच्या अंदाजपत्रकात ही रक्कम क्वचितच लिहिलेली असते.

आता दुसरा, अधिक गंभीर प्रश्न. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. आपल्या संगणकाला ती अट पूर्ण करता येणार नाही. अट चुकवून विंडोज ११ चढवून देणारे कारागीर बेळगावातही आहेत, पण अशा संगणकाला पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावरून बँकेत पैसे हलतात त्याच्यावर असा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-सेवा घ्यावी. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. संगणकातील सेटिंग्जची नोंद त्या खात्यात साठवण्याची परवानगी दिल्यास ही सेवा पैसे न भरता मिळते. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी करता येते. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालणे हा एरवी उत्तम मार्ग आहे, पण टॅली विंडोजसाठी बनवलेली असल्यामुळे आपल्याला तो सुचवत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा : आता एसएसडी आणि वापरलेली रॅम घालावी, वाढीव सेवेची नोंदणी करावी आणि त्या मुदतीच्या आत सवडीने नवा संगणक घ्यावा. बाराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा आय-३ टॅली आणि जीएसटीच्या कामाला भरपूर आहे. आय-५ साठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी चांगल्या एसएमपीएसवर आणि यूपीएसवर खर्च करावेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, म्हणून ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच पुढच्यासाठी मोकळी ठेवली तरी चालेल. आपण जीएसटीची नियमित नोंदणी केली असेल, तर संगणकावरील १८ टक्के कराचे क्रेडिट मिळते. कोल्हापूरहून खरेदी केली तर बिलावर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातील खरेदीवरचा जीएसटी) लागतो आणि त्याचेही क्रेडिट मिळतेच. तरीही हजार-पाचशे वाचवण्यासाठी लांबून खरेदी करू नये. बिघाड झाल्यावर दुकानात येऊन पाहणारा माणूस जवळचा असावा.

एक गोष्ट विसरू नये. नव्या संगणकावर जाण्याच्या आधी जुन्या संगणकावरून टॅलीचे लायसन्स सरेंडर करावे आणि कंपनीच्या डेटाचा बॅकअप दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावा. जुना संगणक चालू असताना हे पाच मिनिटांचे काम असते.

प्रश्न : आमचा संगणक जुलै-ऑगस्टमध्ये मधूनच बंद पडतो, कधी नुसता बीप वाजतो, आणि दर वेळी तारीख काही वर्षे मागे जाते. उन्हाळ्यात बरा असतो. सात वर्षांचा झाला आहे. बदलावा का? — एक वाचक, जांबोटी

उत्तर : बदलू नये. आपल्या बाजूचा पाऊस आणि दमट हवा लक्षात घेता ही म्हातारपणाची लक्षणे वाटत नाहीत. तारीख मागे जाते ती बोर्डावरील सीआर २०३२ क्रमांकाची नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे, आणि ती कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, त्यामुळे नेट बिघडले असा भलताच समज होतो. बीप वाजतो तो बहुधा रॅमच्या सोनेरी दातांवर दमटपणाने थर बसल्यामुळे. वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, पट्टी बाहेर घ्यावी आणि दात स्वच्छ खोडरबराने हलके पुसून परत बसवावेत. त्यानेही मधूनच बंद पडणे थांबले नाही, तर एसएमपीएस बदलावा. बदलताना डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटच्या आकड्यावर न जाता ८० प्लस हे कार्यक्षमतेचे प्रमाणचिन्ह आहे का ते पाहावे. हेस्कॉमची वीज मध्येच जाऊन झटका देत परत येते हे आपण रोजच पाहता. म्हणून यूपीएस चालू स्थितीत असावा. त्यातील बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि त्यानंतर तो यूपीएस केवळ टेबलावरची जागा अडवतो. अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. पावसाळ्यात संगणक आठवडाभर न वापरण्याची वेळ आली, तरी रोज अर्धा तास चालू ठेवावा. आतील उबेने ओल धरत नाही. उघडलाच आहे तर एसएमपीएसच्या जाळीतून आत डोकावूनही पाहावे. उबेला आलेली पाल तेथे सापडणे आपल्या भागात अजिबात दुर्मीळ नाही.

प्रश्न : आमचा लग्नपत्रिका आणि हँडबिले छापण्याचा व्यवसाय आहे. डीटीपीचे, म्हणजे पाने जुळवण्याचे, काम आजही विंडोज एक्सपीच्या संगणकावर, पेजमेकरमध्ये चालते. मराठी आणि कन्नड फाँटचे सॉफ्टवेअर जुने आहे आणि मराठीच्या सॉफ्टवेअरचा लॉक (जो लावल्याशिवाय ते चालत नाही असा छोटा ठोकळा) संगणकाच्या मागे प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावलेला आहे. गेल्या लग्नसराईत हार्ड डिस्कमधून कटकट असा आवाज येऊ लागला. मुलगा म्हणतो नवा संगणक घेऊ. पण पंधरा-वीस वर्षांच्या फाइली उघडल्या नाहीत तर धंदाच बसेल. — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : हे पत्र हाती पडताच, काही ठरवण्याच्या आधी, त्या डिस्कची पूर्ण प्रत काढून घ्यावी. कटकट आवाज करणारी डिस्क किती दिवस चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. केवळ फाइली उतरवून भागणार नाही. क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी, म्हणजे विंडोज, फाँट आणि बसवलेली सॉफ्टवेअर सगळी जशीच्या तशी राहतील. डिस्क रुंद, सपाट पट्टीच्या केबलची असेल तर ती जुन्या आयडीई प्रकारची आहे आणि तिला जोडणारा यूएसबी अडॅप्टर लागेल. हे काम घरी करून पाहण्यापेक्षा जाणत्याकडून करून घेतलेले बरे.

आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे आणि आपली भीतीही खरी आहे. नव्या संगणकावर तुमचे जुने सॉफ्टवेअर चालण्याची शक्यता कमी आहे, आणि त्याची कारणे समजून घेतलेली बरी. लॉकला लागणारा तो रुंद समांतर पोर्ट आजच्या बोर्डांवर सहसा नसतो. वेगळे कार्ड लावून तो आणता येतो, पण जुने लॉक पोर्टचा ठरावीक पत्ता शोधतात आणि कार्डावरील पोर्टला तो पत्ता मिळेलच असे नाही. त्या काळातील कित्येक सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर जुन्या १६-बिटी घडणीचे होते आणि ६४-बिटी विंडोज ते उघडतच नाही. विंडोज ११ तर केवळ ६४-बिटीच आहे. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची आहे. तिच्यानंतर अॅडोबीने इनडिझाइन या आपल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे मोर्चा वळवला.

म्हणून येथे दुरुस्त करावा की बदलावा हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. दोन्ही संगणक ठेवावेत. जुना संगणक बदलीच्या डिस्कवर चालू ठेवावा, पण त्याची नेटची वायर कायमची काढून टाकावी. एक्सपीला २०१४ पासून सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत आणि ग्राहकांचे पेन ड्राइव्ह त्याला थेट लावणे धोक्याचे आहे. ग्राहकांशी व्यवहार, व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो, ईमेल आणि नवी कामे नव्या संगणकावर घ्यावीत. त्यात १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची) एसएसडी असावी. ग्राफिक्स कार्डची घाई करू नये, कारण पत्रिकांच्या कामाला प्रोसेसरमधील ग्राफिक्स पुरते.

फाइलींचे खरे दुखणे फाँटमध्ये आहे. जुनी मराठी अक्षरे आणि नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतील अक्षरे युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना समान असलेल्या अक्षर-संकेतांत) नसून त्या-त्या फाँटच्या स्वतःच्या संकेतांत साठवलेली आहेत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे, रफार आणि विरामचिन्हे हाताने तपासावीच लागतात, आणि वधू-वरांच्या नावात झालेली चूक कोणी माफ करीत नाही. तेव्हा सर्व जुन्या फाइलींचे रूपांतर करण्याच्या मागे लागू नये. पुन्हा मागणी येते अशा कामांची, म्हणजे देवस्थानांची पत्रके, संस्थांची लेटरहेडे, पावतीपुस्तके यांची, जुन्या संगणकावरच फाँटसह पीडीएफ करून ठेवावी. नव्या पत्रिका पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये कराव्यात. एखादी लग्नसराई दोन्ही संगणक शेजारी ठेवून काढली, की जुन्याकडे वळण्याचे प्रसंग आपोआप विरळ होतात. लग्नसराई तोंडावर असताना मात्र हा बदल सुरू करू नये. पावसाळ्यातील चार मोकळे महिने त्याला योग्य आहेत.

प्रश्न : मुलगी सिव्हिल डिप्लोमाला आहे आणि तिला ऑटोकॅड लागते. घरचा संगणक फारच जुना असल्यामुळे तो बदलायचे ठरवले आहे. ऑनलाइन ‘नवा आय-७, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ असा संच अठरा हजारांत दिसला. घ्यावा का? — एक पालक, निपाणी

उत्तर : घेऊ नये, निदान प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक पाहिल्याशिवाय तरी नाही. या भावाच्या संचांत बहुधा आय-७ २६०० किंवा ३७७० असतो. म्हणजे २०११-१२ सालचा वापरलेला प्रोसेसर नव्याने बनवलेल्या स्वस्त बोर्डावर बसवून, नव्या कॅबिनेटमध्ये घालून विकलेला. आय-७ या अक्षरांवरून वय कळत नाही, ते त्यापुढील क्रमांकावरून कळते. चार आकडी क्रमांकात पहिला आकडा पिढी सांगतो आणि १०१०० किंवा १२१०० अशा पाच आकडी क्रमांकात पहिले दोन. बाराव्या पिढीचा साधा आय-३ हा दुसऱ्या पिढीच्या आय-७ पेक्षा वेगवान आहे, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी आठव्या पिढीच्या खाली उतरून चालणार नाही.

खर्च वीस-बावीस हजारांच्या आतच ठेवायचा असेल, तर मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले आठव्या-नवव्या पिढीचे आय-५ डेस्कटॉप हा अधिक प्रामाणिक सौदा आहे. घेताना विक्रेत्याकडून लेखी वॉरंटी घ्यावी आणि डिस्क किती तास चालली आहे ते त्याच्यासमोर तपासावे. अशा संचांतील एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो, त्यामुळे बाजारातील साधा बसत नाही आणि पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड लावता येत नाही. डिप्लोमाच्या द्विमितीय आराखड्यांना त्याची गरज नाही. ऑटोकॅडला ८ जीबी रॅम किमान लागते, १६ असावी. सॉफ्टवेअर विकत घेऊ नये की चोरीचेही घालू नये. महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवून विद्यार्थ्यांना ते अधिकृतपणे मोफत मिळते. पैसे उरले तर मोठा मॉनिटर घ्यावा, आराखडे काढताना त्याचा उपयोग प्रोसेसरपेक्षा जास्त जाणवतो.

प्रश्न : नवा संगणक आला. जुना भंगारवाल्याला दिला तर चालेल का? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नये. फाइली पुसल्या किंवा फॉरमॅट केले तरी साध्या साधनांनी त्या परत मिळवता येतात, म्हणून डिस्क बाजूला काढून यूएसबी केसमध्ये घालावी आणि बॅकअपसाठी वापरावी. खराब असेल तर तबकडीला ड्रिलने भोके पाडावीत. उरलेला संगणक चालू असेल तर लिनक्स मिंट घालून एखाद्या शाळेला द्यावा, पण आधी त्यांना विचारून. बंद असेल तर नव्या संगणकाच्या कंपनीची जुने परत घेण्याची सोय पाहावी. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. केबल जाळून तांबे काढणाऱ्याच्या हाती तो पडू देऊ नये.